अर्धं तोंड तेलाचं, अर्धं पाण्याचं : चिंगीच्या दातांच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, वर्तकनगर, ठाणे

चिंगी : स्पिट्झ, मादी, वय सात, वजन आठ किलो. डिसेंबरात भूल देऊन दात साफ करून घेतले. दोन हलणाऱ्या दाढा काढाव्या लागल्या. तोंड आता स्वच्छ आहे, म्हणून सुरुवात आत्ताच.

आमच्या सोसायटीत कुत्री पाळणारे आणि गेटाबाहेरच्या कुत्र्यांना खाऊ घालणारे मिळून एक गट आहे. चिंगीच्या दाढांची बातमी फुटल्यापासून गटात घरगुती उपाय रोज येताहेत. हळद लाव, खोबरेल चोळ, लवंगेचं तेल, खायचा सोडा, मीठ, कडुनिंब. कुणी कुणाला हटकत नाही, कारण सगळं नैसर्गिक आहे. मला एका पानाचा तक्ता हवाय : उपाय, चालतो की नाही, आणि का. दिवसभर औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासण्याच करते, त्यामुळे 'आमच्याकडे गुण आला' एवढ्यावर माझं भागत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिंगीच्या तोंडात काहीही जाणार नाही, ही अट मात्र पक्की.

स्वच्छ तोंडापासूनच का, तेही लिहून ठेवते. दातांवर जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, साफसफाईनंतर काही तासांत पुन्हा बसायला लागतो. लाळेतले क्षार त्यात मुरले की दोन-तीन दिवसांत त्याचं किटण व्हायला लागतं. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. म्हणून त्यांच्या दातांना कीड फारशी लागत नाही, पण किटण भराभर चढतं. प्लाक बोटाने पुसता येतो. किटण स्वयंपाकघरातल्या कशानेही निघत नाही. घरगुती उपायांची सगळी हद्द या दोन वाक्यांत आली.

८ जानेवारी

यादी डॉक्टरांसमोर ठेवली. निम्मी तिथेच गळाली.

मशेरी. हो, मशेरीसुद्धा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची सूचना, आणि अगदी मनापासून. गावाकडे त्यांच्या सासूबाई कुत्र्याच्या हिरड्यांना लावायच्या म्हणे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, थुंकता येत नाही, तोंडात गेलेलं सगळं पोटात जातं, आणि निकोटिन कुत्र्यांना विषारी आहे. आधी लाळ आणि उलट्या, मग थरथर, झटके. काकूंना हे सांगितल्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मीही सोडायलाच हवी गं."

थुंकता न येणं हीच इतर बऱ्याच उपायांची अडचण. खायच्या सोड्याच्या एका चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असलेल्या कुत्र्याला तो रोज चाटवणं म्हणजे नवं दुखणं विकत घेणं. मिठाचंही तेच. लिंबू आणि व्हिनेगर आम्ल आहेत, दाताचं बाहेरचं कवच झिजवतात. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने तोंडाची आतली त्वचा भाजते, जास्त गेलं तर यकृतावर ताण येतो. टी ट्री तेल तर घरात असलं तरी वरच्या फळीवर. लसूण नाही, कारण लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

आपली टूथपेस्ट घरगुतीत मोडत नाही, पण घरोघरी वापरली जाते म्हणून तक्त्यात घेतली. फेस, फ्लोराइड, आणि काहींत झायलिटॉल. हे शेवटचं लोकांना माहीतच नसतं. कुत्र्याच्या पोटात झायलिटॉल गेलं की इन्सुलिन एकदम सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते. किलोमागे ०.१ ग्रॅमपासून धोका धरतात, ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृत निकामी होऊ शकतं. चिंगीच्या वजनाला ०.८ ग्रॅम पुरे. साखरविरहित च्युइंगगमच्या एक-दोन गोळ्यांत तेवढं असू शकतं. दादाच्या ऑफिसच्या बॅगेतून ती डबी आजच बाहेर काढली.

उरले : खोबरेल, हळद, कडुनिंब, गाजर, आणि नुसतं ओलं फडकं. शेवटचं मी घातलं. काहीही न लावता पुसलं तर काय होतं, हे माहीत नसेल तर बाकीच्यांना कशाशी ताडून बघणार?

१४ जानेवारी, संक्रांत

गेटावरच्या काळूला तिळगूळ घालू नका, असं गटात लिहिलं. लगेच उत्तर आलं, "वर्षातून एकदा गोड बोलू द्या की." तीळ विषारी नाहीत. पण गूळ दाढांच्या फटीत चिकटून बसतो, आणि काही घरांच्या लाडवांत बेदाणे असतात. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. रखवालदार मामांनी लाडू स्वतः खाल्ले आणि काळूला भाकरी दिली.

१९ जानेवारी

सवय लावण्याचं काम. लोक इथेच हरतात आणि मग 'आमचा करूच देत नाही' म्हणतात. हात धुवायचे, बोटाला मऊ सुती कापड गुंडाळायचं (आईने जुनं मलमलचं धोतर फाडून दिलं), ते चिकन उकडलेल्या पाण्यात बुडवायचं. पाण्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. पहिले काही दिवस फक्त चाटू द्यायचं. मग ओठ उचलून सुळ्यावरून एकदा बोट फिरवायचं आणि थांबायचं. तिने डोकं मागे घेण्याआधी आपण थांबायचं, ही खरी मेख.

जबडा उघडायची गरज नाही. किटण मुख्यतः बाहेरच्या, गालाकडच्या बाजूला चढतं. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी पुसत राहते. गालात बोट सरकवून वरच्या मोठ्या दाढेपर्यंत पोचायचं. वरच्या जबड्यातली ही चौथी उपदाढ, कुत्र्याचं मांस कापायचं मुख्य हत्यार. कानाखालच्या लाळग्रंथीची नळी बरोबर तिच्यासमोर गालात उघडते, त्यामुळे किटणाचा पहिला थर तिथेच. दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर हलकं चोळायचं. ब्रश असेल तर ४५ अंशांत तिरका धरायचा. चिंगीला ब्रश चालत नाही, कापड चालतं. आपल्याला काय, कापड तर कापड.

भाची डेंटलला आहे. ती येऊन दात मोजून गेली. वर वीस, खाली बावीस, असे बेचाळीस हवेत. चिंगीचे चाळीस.

२ फेब्रुवारी

भाचीने सुचवलेली पद्धत आजपासून. माणसांच्या दातांच्या अभ्यासांत एकाच तोंडाच्या दोन बाजूंवर दोन वेगळे उपाय करून बघतात. म्हणजे लाळ तीच, जेवण तेच, वय तेच. चिंगीची उजवी बाजू : कापड अधिक खोबरेल. डावी : कापड अधिक साधं पाणी. दोन्हीकडे सारखाच वेळ, रात्रीच्या जेवणानंतर. आई धरते, मी चोळते. फोटो त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून. भाचीला फोटो कापून पाठवायचे, कोणती बाजू ते सांगायचं नाही.

खोबरेल का, तर त्यातली जवळपास निम्मी मेदाम्लं म्हणजे लॉरिक आम्ल, आणि प्रयोगशाळेत ते जंतूंवर चालतं. बशीत चालतं म्हणून लाळ वाहणाऱ्या तोंडात चालेलच असं नाही. भाचीने एक त्रुटी आधीच दाखवली : जीभ तेल दोन्हीकडे फिरवणार. ते मान्य. पण असा फरक पुसलाच जाणार असेल, तर रोजच्या वापरातही तेलाची बाजू वेगळी दिसायची नाही.

सकाळी तेल बाटलीत थिजलेलं असतं, बोटाच्या टोकावर वितळतं. एवढंच पुरे. चमचाभर नको. चहाच्या चमच्यात सुमारे ४० कॅलरी जातात आणि चिंगीची दिवसाची गरज पाचशेच्या आसपास. शिवाय तेलकट जास्त झालं तर स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते.

९ फेब्रुवारी

प्लाक दिसावा म्हणून बीटचा रस कापसाच्या बोळ्याने लावून पाहिला. दंतवैद्याकडे रंगाच्या गोळ्या असतात, त्याच धर्तीवर. हिरडीलगत फिकट गुलाबी रेघ उमटली, खरोखर उमटली. पण चिंगी पांढरीशुभ्र. हनुवटी, छाती, आईचा पदर सगळं गुलाबी. लिफ्टमध्ये एका मुलाने विचारलं, "हिला काय लागलं?" बीट बंद. बॅटरी आणि फोटो पुरे.

१६ फेब्रुवारी

भाचीचा निकाल : दोन्ही बाजूंत फरक सांगता येत नाही. दोन्ही स्वच्छ, हिरड्या दोन्हीकडे फिकट गुलाबी, कडा लाल नाहीत. कोणती तेलाची, असं विचारल्यावर तिने डावी सांगितली. डावी पाण्याची.

आई म्हणाली, "मग तेल फुकट गेलं म्हणायचं." फुकट नाही. तेलाच्या वासाने चिंगी स्वतःहून जवळ येते, हा मोठाच उपयोग. तक्त्यात खोबरेलपुढे लिहिलं : चालेल, वशिला म्हणून.

२३ फेब्रुवारी

जांभळी नाक्यावरून थंडीची लाल गाजरं आणली. चिंगीला कच्चं गाजर फार आवडतं. चावताना पाहिलं तर दाढेचं टोकच गाजरात रुततं, हिरडीची रेषा कोरडीच राहते. म्हणजे खाऊ म्हणून उत्तम, बिस्किटापेक्षा कितीतरी बरं, पण दात घासायचं काम त्याच्यावर सोपवता येत नाही.

इथेच हाडांचं. 'कुत्रा हाड चावतो, दात आपोआप साफ' हे गटातलं सगळ्यांत लाडकं मत. थोडं खरं आहे, चावल्याने काही किटण झडतं. पण त्यापायी वरच्या मोठ्या दाढेची बाहेरची अख्खी कपची उडते आणि आतली नस उघडी पडते. डॉक्टर म्हणाले, हे ते नेहमी पाहतात. शिजवलेल्या हाडांचे तर टोकदार तुकडे होतात, घशात नाहीतर आतड्यात रुतायला. दुकानात मिळणारी वाळकी खुरं आणि हरणाची शिंगंही याच रांगेतली, पाकिटावर 'नैसर्गिक' छापलेलं असलं तरी. डॉक्टरांची कसोटी सोपी आहे : चावायच्या वस्तूवर नख दाबा, खूण उमटली नाही तर ती दातासाठी कठीण आहे.

मामा रविवारी मटणाची हाडं काळूसाठी आणतात. त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे पुढच्या रविवारी बघायचं.

२ मार्च

दुसरा टप्पा. उजवीकडे तेल लावायचं, पण चोळायचं नाही. डावीकडे पाण्याने चोळायचं, पूर्वीसारखंच. डॉक्टरांनी परवानगी दिली, अट घातली की हिरडीची कड लाल दिसली त्या दिवशी थांबायचं. हिरडीची नुसती सूज उलटवता येते. दाताखालचं हाड झिजायला लागलं की ते परत येत नाही.

दरम्यान ज्यांना नैसर्गिकच हवंय त्यांच्यासाठी एक शोधलं. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर वाढणारं एक तपकिरी समुद्री शेवाळ, अ‍ॅस्कोफायलम नोडोसम. वाळवून भुकटी जेवणात घालतात. दाताला लावायचं नाही, ते पोटातून लाळेवाटे काम करतं. व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था १९९७ पासून कुत्र्या-मांजरांच्या दंत-उत्पादनांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासते आणि प्लाक किंवा किटण खरंच कमी होत असेल तरच शिक्का देते. या शेवाळाच्या काही उत्पादनांना तो शिक्का आहे. म्हणजे नैसर्गिक आणि तपासलेलं, दोन्ही. फक्त आपल्या कोकणपट्टीतलं नाही, स्वस्त नाही, आणि त्यात आयोडिन भरपूर असल्याने थायरॉइडचं दुखणं असलेल्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारूनच. गटात टाकल्यावर पहिला प्रश्न, "मग घरात काय आहे ते सांग ना."

११ मार्च

थांबलो. उजव्या मोठ्या दाढेवर पिवळट साय, हिरडीच्या कडेला लालसर रेघ. डावीकडे काही नाही. भाचीने या वेळी फोटो बघताक्षणी बाजू ओळखली. आजपासून दोन्हीकडे चोळणं सुरू.

तक्त्याचा मधला रकाना यातूनच ठरला. काय लावलं यापेक्षा घासलं की नाही, याने फरक पडतो. रोज घासणं सगळ्यांत चांगलं, आठवड्यातून तीनदा ही खालची मर्यादा, आणि रविवारी एकदा जोर लावून घासण्यात काही अर्थ नाही, तोवर किटण धरलेलं असतं. ज्याला काही लावायचंच आहे त्याने कुत्र्यांसाठीची एन्झाइमची पेस्ट घ्यावी. ती गिळली तरी चालते आणि चिकनच्या चवीची मिळते.

१४ मार्च

धुळवड. चिंगी दिवसभर घरात. नोंद नाही.

१९ मार्च

चार दिवस काळू भाकरी तोंडात घेऊन पुन्हा खाली टाकत होता. एकाच बाजूने चावायचा, तोंडाची दुर्गंधी पायऱ्यांपर्यंत. आज डाव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज. गटात निदान झालं : मधमाशी चावली. कुणीतरी हळद-तेल गरम करून सुजेवर थापून गेलं होतं, भल्या बुद्धीनेच.

डोळ्याखालची सूज म्हटलं की डॉक्टर आधी त्याच वरच्या मोठ्या दाढेकडे बघतात. तिची मुळं तीन, आणि ती डोळ्याखालच्या हाडापर्यंत पोचलेली. मुळाशी पू झाला की तो गालातून वाट काढतो. हळद बाहेरून लावा नाहीतर आतून, तिथवर पोचत नाही. फोटो पाठवला, डॉक्टरांनी संध्याकाळीच आणायला सांगितलं. मामांनी त्याला रिक्षात मांडीवर घेतलं. काळू एरवी कुणाच्या हाताला लागत नाही.

२२ मार्च

रक्त तपासलं, मग भूल, मग एक्स-रे. दाढ उभी चिरलेली होती, चीर थेट हिरडीखाली. दाढ काढली, बाकीचं किटण अल्ट्रासॉनिक यंत्राने काढून दातांना पॉलिश केलं. पॉलिश चैनीचं नाही. स्केलिंगने, म्हणजे किटण काढण्याने, दात खरखरीत होतो, तसाच सोडला तर प्लाक आणखी लवकर धरतो. वर्गणी दोन दिवसांत जमली, काकूंनी सगळ्यांत जास्त दिली.

खर्च ऐकून एकाने विचारलं, कुत्र्यांचे केस कापणारे भूल न देता किटण खरवडून देतात, ते का नको? यावर डॉक्टर खूप वेळ बोलले, मी थोडक्यात लिहिते. दिसतो तो भाग पांढरा होतो, दुखणं हिरडीखाली तसंच राहतं, एक्स-रे काढता येत नाही, आणि जागा कुत्रा हिसका देतो तेव्हा हातात अणकुचीदार अवजार असतं. अमेरिकन व्हेटर्नरी डेंटल कॉलेजचीही याविरुद्ध स्पष्ट भूमिका आहे. मालकाला वाटतं दात स्वच्छ झाले, आणि तो वर्षभर डॉक्टरांकडे फिरकत नाही. हे मला सगळ्यांत पटलं.

मामांनी हाडांबद्दल काही विचारलं नाही. मीही काढलं नाही.

३० मार्च, पाडवा

सकाळी कडुनिंबाची पानं, गूळ, ओवा, हिंग वाटून आम्ही खाल्लं. चिंगीने वाटी हुंगली आणि पाठ फिरवली. त्यामुळे कडुनिंबाचा प्रयोग तिच्याच मताने निकालात निघाला. डॉक्टरांचं म्हणणं, माणसांसाठी कडुनिंबाची काडी जुनी आणि चांगली गोष्ट, पण आपण ती चावून कुंचला करतो आणि थुंकतो. कुत्रा काडी चावून गिळतो, तंतू दातांत किंवा टाळूला आडवे अडकतात. पोटात किती पाला गेला तर चालेल याचं माप त्यांच्याकडे नाही. निंबोळीचं तेल तोंडात कधीच नाही.

हळदीवरही आजच पडदा. जेवणात चिमूटभर गेली तर बिघडत नाही, पण दातांवर लावली की दात आणि हिरडी दोन्ही पिवळे. प्लाकही पिवळट. ज्याच्यावर नजर ठेवायची तेच हळदीने झाकलं जातं.

१३ एप्रिल

तक्ता तयार. खालच्या चौकटीत डॉक्टरांकडे कधी न्यायचं ते : तोंडाला सडका वास, एका बाजूने चावणं, लाळेत रक्त, हलणारा दात, डोळ्याखाली सूज, सारखं पंजाने तोंड खाजवणं. यांपैकी एकही असेल तर घासणंही बंद, कारण दुखऱ्या दातावर कापड फिरवलं की कुत्रा पुन्हा कधी तोंडाला हात लावू देत नाही.

काकूंनी मसुदा वाचून एकच दुरुस्ती सुचवली : मशेरी पहिल्या ओळीवर, ठळक अक्षरात. केली.

काळू पेजभात खातोय. आता मामा त्याला रविवारी उकडलेला रताळ्याचा तुकडा आणतात. काळूच्या तोंडात बोट घालायची आमची कुणाची हिंमत नाही, त्याला शेवाळाची भुकटी जेवणातून सुरू करायची का, हे डॉक्टरांना विचारलंय.

१९ एप्रिल

तक्ता लिफ्टशेजारी लावला आणि संध्याकाळीच बी विंगमधली एक मुलगी सात महिन्यांचं स्पिट्झचं पिल्लू घेऊन आली. "ताई, याला चार सुळे आहेत वर." बघितलं तर दुधाचे सुळे पडलेच नव्हते, शेजारी पक्के आलेले. दोन्हींच्या फटीत बिस्किटाचा लगदा. पक्के दात या वयापर्यंत पूर्ण येतात. दुधाचे सुळे अजून अडून बसले असतील तर आता आपोआप पडायची वाट बघण्यात अर्थ नाही, आणि ते पक्क्या दातांना वाकडं ढकलतात. लहान जातींत हे नेहमीचं. घरी हलवून काढायचा प्रयत्न करू नका, मूळ लांब असतं, आत तुटतं. पुढच्या महिन्यात त्याची नसबंदी ठरलेली आहे, त्याच भुलेत सुळेही काढता येतील का, हे डॉक्टरांना विचारायला सांगितलं. तक्त्यात पिल्लांसाठी ओळच नव्हती. दुसऱ्या छपाईत घालायची.